अहो, ऐकलंत का?

आमच्या लग्नाला एकोणीस वर्षं झाली. या काळात 'अहो, ऐकलंत का?' हा प्रश्न मला रोज सरासरी दहा वेळा विचारला गेला असं धरलं, तर बेरीज सत्तर हजारांच्या आसपास जाते. कॉमर्सच्या पदवीधराला अशा बेरजा आपोआप सुचतात, त्याला इलाज नाही. या प्रश्नाला मी इतकी वर्षं 'हूं' असं एकाक्षरी उत्तर देत आलो आणि संसार सुरळीत चालला. पण गेल्या पावसाळ्यात माझा भाचा त्याचे इअरफोन आमच्याकडे ठेवून सहा महिन्यांसाठी जर्मनीला गेला आणि तो 'हूं'सुद्धा बंद पडला.

"मामा, तिकडे मी दुसरे घेणार आहे. हे तू सांभाळ," भाचा म्हणाला. "पण नुसते कपाटात ठेवू नकोस. पावसाळी हवा आहे. रोज तासभर वाजवत जा."

गावाला जाताना शेजाऱ्याकडे मांजर सोपवावं तसा त्याचा चेहरा झाला होता. कंपनीचं नाव मी सांगत नाही, कारण भाच्याने अजून सगळे हप्ते फेडलेले नाहीत. किंमत मात्र सांगतो. माझे दोन पगार, तेही ओव्हरटाइम धरून. आमच्या लहानपणी या पैशांत रेडिओचं अख्खं दुकान आलं असतं, आणि दुकानदाराने वर चहा पाजला असता.

डबा उघडला तर आत दुसरा डबा, त्यात चामड्याची पेटी, त्या पेटीत दोन वालाच्या दाण्यांएवढे इअरफोन. सोबत कानातला मळ काढायचा नव्हे, तर इअरफोनमधला कानाचा मळ काढायचा एक चिमुकला ब्रश. आणि रबराच्या बोंडांच्या अकरा जोड्या! लहान, मध्यम, मोठी, स्पंजाची, दोन मजली, तीन मजली. माणसाला कान दोनच, मग बावीस बोंडं कशाला, हे मला कळेना. मी आपली पहिली हाताला लागली ती बसवली आणि गाणं लावलं. शेजारच्या घरातला रेडिओ भिंतीतून ऐकू यावा तसा आवाज आला. तबल्यातला डावा तर रजेवरच गेला होता.

मी भाच्याला व्हिडिओवर पकडलं. तो म्हणाला, "मामा, सील बसलं नाही."

पंचवीस वर्षं बँकेत काढलेल्या माणसाला सील म्हणजे काय हे कुणी शिकवायला नको. कॅशच्या पिशवीला लाखेचं सील नसेल तर आतल्या रकमेची जबाबदारी कुणाचीच नसते. इथेही तेच. कानाची नळी आणि बोंड यांच्यामध्ये केसाएवढी फट राहिली, तरी खर्जाचे सूर तिच्यातून निसटून जातात. मग इअरफोन दोन हजारांचा असो की दोन लाखांचा. बसवायची रीतही शास्त्रोक्त आहे. डाव्या हाताने उजवा कान वरच्या बाजूला ओढायचा, नळी सरळ झाली की उजव्या हाताने बोंड आत सारायचं. शाळेत गणिताचे मास्तर याच आसनात आम्हाला उभे करीत. त्यांना संगीताची आवड असावी अशी शंका मला आत्ता, चाळीस वर्षांनी आली.

स्पंजाचं मधलं बोंड बसलं, आणि एकदम डावा बोलला. नुसता बोलला नाही, तबलजीचा तळवा पुडीवर सरकला तेही कळलं. प्रामाणिकपणे सांगतो, मी दचकलो. त्या रात्री मी दीड वाजेपर्यंत ऐकत बसलो, आणि दुसऱ्या दिवशी एका खातेदाराची रक्कम दुसऱ्याच्या खात्यात टाकताना थोडक्यात वाचलो.

मग मला वस्तूची चौकशी करायची लहर आली. कर्ज देताना आम्ही जशी तारण मालमत्तेची करतो तशी.

कानाची नळी सुमारे अडीच सेंटीमीटर लांब असते. एका टोकाला पडदा, दुसरं टोक उघडं. म्हणजे ती एक छोटीशी पिपाणीच. त्यामुळे तीन हजार हर्ट्झच्या आसपासचे सूर तिच्यात आपोआप घुमतात आणि मोठे होतात. माणसाच्या बोलण्यातली व्यंजनं याच भागात येतात, त्यामुळे देवाने ही सोय विचार करूनच केलेली दिसते. आता आपण इअरफोन घालतो म्हणजे काय करतो, तर त्या पिपाणीचं उघडं तोंड बुजवतो. घुमारा बिघडतो. मग इअरफोन बनवणाऱ्याला तो उंचवटा स्वतःच्या यंत्रात नव्याने घडवावा लागतो, नाहीतर गाणारा गोधडीतून गातोय असं वाटतं. जे फुकट मिळत होतं ते आधी बंद करायचं, आणि तेच पैसे घेऊन परत द्यायचं. बँकेत आम्ही याला सर्व्हिस चार्ज म्हणतो. पण हा उंचवटा किती असावा, कुठे असावा, यातच सगळी कला आहे. ज्याला ती जमली तो खरा कारागीर. बाकी सोनं, कार्बन, टायटॅनियम वगैरे मंडळी म्हणजे लग्नातली वरात.

भाच्याच्या इअरफोनात प्रत्येक कानात बारा ध्वनियंत्रं आहेत. भाचा त्यांना ड्रायव्हर म्हणतो. ही जात बॅलन्स्ड आर्मेचर नावाची. चुंबकांच्या मध्ये एक पोलादी जीभ, तिच्याभोवती तारेचं वेटोळं. गाण्याचा प्रवाह आला की जीभ थरथरते, तिला जोडलेली काडी एका पातळ पडद्याला ढकलते. वस्तू तांदळाच्या चार-पाच दाण्यांएवढी. ती मुळात गाण्यासाठी जन्मलीच नाही. तिचं माहेर म्हणजे बहिऱ्यांचं श्रवणयंत्र. १९९१ साली अमेरिकेत एटिमोटिक या कंपनीने ईआर-४ नावाचा इअरफोन काढला, तो हिच्यावर. कंपनीचे एक संस्थापक मीड किलियन हे श्रवणशास्त्राचेच माणूस. 'एटिमोटिक' म्हणजे कानाशी इमान राखणारा, असा त्यांनी बनवलेला शब्द. त्या इअरफोनला तीन मजली बोंड होतं आणि ते इतकं आत जायचं, की हस्तांदोलन मेंदूशीच. पुढे १९९५ साली जेरी हार्वी या ध्वनितंत्रज्ञाने व्हॅन हेलन या रॉक बँडच्या ढोलवाल्यासाठी कानाच्या मापाचे इअरफोन बनवले. त्या गलक्यात बिचाऱ्याला स्वतःचंच वाजवणं ऐकू येत नव्हतं. तिथून हा धंदा वाढला.

आणि वाढला म्हणजे किती? एक जीभ सगळे सूर नीट सांभाळत नाही, म्हणून खर्जाला वेगळी, मध्याला वेगळी, तारसप्तकाला वेगळी. दोनाच्या चार, चाराच्या आठ, आठाच्या बारा. २०१६ साली सिक्स्टीफोर ऑडिओ या कंपनीने एका कानात अठरा घातल्या. दोन्ही कान धरले तर छत्तीस! आमच्या अख्ख्या शाखेत मॅनेजर धरून चौदा माणसं आहेत.

आता मी शाखेत काम केलेला माणूस आहे. एक अर्ज बारा टेबलांवरून गेला की काय होतं ते मला विचारा. खर्जाचं टेबल म्हणतं, आमच्याकडून कागद गेला. मध्याचं टेबल म्हणतं, अजून आला नाही. दोन टेबलांच्या सीमेवर जो सूर येतो, तो थोडा इकडून, थोडा तिकडून, आणि दोन्हीकडून एकाच क्षणी निघेलच याची खात्री नाही. चांगला कारागीर ही टेबलं जुळवतो. हे बारा ड्रायव्हर चांगले जुळले आहेत, पण सारंगी खालून वर चढताना मध्येच एका जागी तिने साडी बदलली असं मला वाटतं. भाच्याला हे सांगितलं तेव्हा तो दोन दिवस माझ्याशी बोलला नाही.

याउलट झेनहायजर या जर्मन कंपनीने २०१२ साली आयई-८०० काढला. त्यात एका कानाला एकच ड्रायव्हर, तोही सात मिलिमीटरचा, साधा वेटोळं-चुंबक-पडदा जातीचा. वाण्याचं दुकान. गल्ल्यावर तोच, तागडीवर तोच, उधारीच्या वहीतही तोच. कानाच्या नळीत एखादा सूर नको तितका कर्कश घुमतो, तो शोषून घ्यायला त्यांनी आत छोट्या पोकळ्या ठेवल्या. एका परिचिताकडे मी तो अर्धा तास ऐकला. सारंगीची साडी शेवटपर्यंत एकच होती. माझं मत विचाराल तर मी वाण्याच्या बाजूचा. मला कुणी विचारत नाही ही गोष्ट वेगळी.

इथवर ठीक होतं. पण भाच्याने बजावलं होतं की, या इअरफोनांना 'एमपी-थ्री' खाऊ घालू नकोस, त्यांना 'लॉसलेस' लागतं. लॉसलेस! नफा-तोटा पत्रक शिकलेल्या माणसाला आयुष्यात पहिल्यांदा तोटाच नसलेला धंदा भेटला.

मुळात आकड्यांतलं संगीत म्हणजे खतावणीच. आवाजाची लाट सेकंदाला ४४,१०० वेळा मोजायची आणि दर वेळी आकडा लिहायचा. आकडा सोळा बिटांचा, म्हणजे ६५,५३६ पायऱ्यांपैकी एक. हा १९८२ सालच्या सीडीचा हिशेब. आता ४४,१०० हा असा विचित्र आकडा का? पन्नास हजार का नाही? याचं कारण सापडलं तेव्हा मला क्लिअरिंग जुळल्याचा आनंद झाला. त्या काळी हे आकडे साठवायला व्हिडिओ टेप वापरीत. अमेरिकन पद्धतीत सेकंदाला ६० क्षेत्रं, दर क्षेत्रात वापरता येतील अशा २४५ रेघा, रेघेत तीन आकडे. गुणाकार करा. युरोपात ५० क्षेत्रं, २९४ रेघा, तीन आकडे. पुन्हा करा. दोन्हीकडे ४४,१००! दोन शाखांचे ताळेबंद पै-पैने जुळले. मी हा गुणाकार जेवताना ताटाकडेला भाताच्या शितांनी करून दाखवला. 'पानात खेळू नका' एवढीच दाद मिळाली.

पण या खतावणीला जागा फार. चार मिनिटांच्या गाण्याला सुमारे बेचाळीस एमबी. म्हणून जर्मनीतल्या फ्राउनहोफर संस्थेत कार्लहाइन्ट्स ब्रांडेनबुर्ग आणि मंडळींनी एमपी-थ्री काढलं, आणि १९९५ साली फायलीला ते आडनाव मिळालं. त्याची युक्ती मला फार आवडते. लग्नात बँड वाजत असताना भटजींचे मंत्र कुणाला ऐकू येतात? कुणालाच नाही. मग एमपी-थ्री तेवढ्या वेळापुरतं भटजींना घरी पाठवतं. मोठ्या सुराच्या सावलीत जो बारका सूर कानाला ऐकूच येत नाही, तो लिहायचाच नाही. असं करत करत बेचाळीस एमबीचे चार एमबी होतात. ही युक्ती पारखायला ब्रांडेनबुर्ग यांनी सुझान व्हेगा या गायिकेचं 'टॉम्स डायनर' हे वाद्यांशिवायचं गाणं घेतलं. बँडच नाही, तर भटजीला लपवणार कुठे? पहिल्या प्रयत्नांत त्या बाईच्या आवाजाची पार रया गेली. मग तेच गाणं पुन्हा पुन्हा ऐकून त्यांनी युक्ती सुधारली.

फ्लॅक ही दुसरी तऱ्हा, २००१ सालची. ती काहीच टाकत नाही. ती हुशार कारकुनासारखी आहे. शिपायाचा पगार गेल्या महिन्यात किती होता, त्याच्या आधी किती होता, हे पाहून या महिन्याचा अंदाज करते आणि वहीत फक्त फरक लिहिते. फरक लहान, म्हणून वही निम्म्यावर येते. उलट हिशेब केला की मूळ आकडा जसाच्या तसा. अशा कारकुनाला बँकेत कधी बढती मिळत नाही, पण मला फ्लॅकबद्दल आदर आहे.

प्रश्न एवढाच की, भटजी परत आले हे मला कळतं का?

एका रविवारी आम्ही परीक्षा घेतली. तीच सीडी, त्यावरून एक फ्लॅक, एक ३२० किलोबिटचं एमपी-थ्री, एक १२८चं. दोन्हींचा आवाज अगदी सारखा ठेवायचा. हे फार महत्त्वाचं आहे, कारण जो किंचित मोठा असतो तोच चांगला वाटतो, आणि पुष्कळ दुकानदारांचा संसार या एका सत्यावर चालतो. ही नाणं उडवणार, छापा की काटा ते मला न सांगता गाणं लावणार, मी ओळखणार. सोळा वेळा. सोळात बारा किंवा अधिक बरोबर आले तर ओळखलं म्हणायचं, कारण नुसत्या नशिबाने बारा यायची शक्यता शेकडा चारहून कमी आहे.

१२८चं मी सोळात तेरा वेळा पकडलं. भजनातल्या टाळांनी चोर धरून दिला. टाळ पडायच्या केसभर आधीच एक पुसट 'छस्स' येतं, बॉस केबिनमधून बाहेर यायच्या आधी त्याची चाहूल यावी तसं. ३२०च्या वेळी मी डोळे मिटले, मान डोलावली, दोनदा 'क्या बात है' म्हटलं. निकाल नऊ.

"म्हणजे नापास," ही म्हणाली.

"नऊ म्हणजे छप्पन टक्के! सेकंड क्लास!"

"नुसतं नाणं असतं तरी आठ आले असते. एक मार्क तुमचा."

या विषयावर मोठ्या मंडळींनीही परीक्षा घेतल्या आहेत. आजकाल सीडीच्याही वरचा माल मिळतो, चोवीस बिट, एक लाख ब्याण्णव हजार हर्ट्झ. चार मिनिटांच्या गाण्याला पावणेतीनशे एमबी. त्यात शहाण्णव हजार हर्ट्झपर्यंतचे सूर मावतात. माणसाचा कान तरुणपणी वीस हजारांवर थांबतो, त्यापुढचा माल आमच्या सोसायटीतल्या वटवाघळांसाठी. २००७ साली मेयर आणि मोरान या दोघांनी बॉस्टनमध्ये असा भारी माल आणि तोच माल सीडीच्या गाळणीतून गाळून, असे दोन्ही ऐकवले. ५५४ वेळांपैकी २७६ वेळा उत्तर बरोबर. नाण्याची सर आली नाही म्हणा ना! अगदी न्यायाने सांगायचं तर २०१६ साली जोशुआ राइस यांनी अठरा प्रयोगांची एकत्र बेरीज केली, तेव्हा शेकडा ५२.३ बरोबर निघाले, आणि कान तयार केलेल्यांचे त्याहून बरे. म्हणजे काहीतरी आहे, पण बँकेने कुणाला व्याज देताना आठव्या दशांश स्थळापर्यंत हिशेब करून शेवटी रुपयात पूर्णांक द्यावा, तसं.

माझा स्वतःचा कान कुठे थांबतो तेही पाहिलं. साडेतेरा हजार हर्ट्झला मी म्हणालो, बंद झालं. मुलगा म्हणाला, बाबा, चालू आहे. तो सतरा हजारांपर्यंत गेला. म्हणजे वरची रक्कम माझ्या खात्यात रोज जमा होते आणि मला काढता येत नाही. मुलाचे कान असे सोन्याचे, आणि तो ऐकतो बिनतारी बोंडांनी! ब्लूटूथची नळी बारीक. सोनीची एलडॅक ही त्यातली ऐसपैस नळी, तरी तिच्यातून सेकंदाला फार तर ९९० किलोबिट जातात आणि सीडीला लागतात १,४११. देवगडहून हापूसची पेटी मागवायची आणि पाहुण्याला ग्लासातून सरबत द्यायचं. पाहुणा खूश असतो हे खरं.

हौसेला मोल नसतं म्हणतात, पण या प्रांतात ते असतं आणि छापील असतं. सोनीने २०१५ साली एक मेमरी कार्ड काढलं, चौसष्ट जीबीचं, 'उत्तम आवाजासाठी'. साध्या कार्डाच्या कित्येक पट किंमत. कार्डात आकडे असतात. आकडा तोच असेल तर तो गरिबाच्या वहीत लिहिला काय आणि श्रीमंताच्या वहीत लिहिला काय? आमच्याकडे उद्या कुणी म्हणालं की, रेशमी पासबुकात शिल्लक जास्त दिसते, तर मॅनेजर त्याला रजेवर पाठवतील. त्याच कंपनीने २०१६ साली एक वॉकमन काढला. तांब्याच्या ठोकळ्यातून कोरलेली पेटी, वर सोन्याचा मुलामा, वजन ४५५ ग्रॅम. १९७९ सालचा पहिला वॉकमन, कॅसेट फिरवायच्या मोटरसकट, सुमारे ३९० ग्रॅमचा होता. सदतीस वर्षांत मोटर गेली, कॅसेट गेली, आणि वजन पासष्ट ग्रॅमने वाढलं! याला खिशात घालून लोकलला लोंबकळणाऱ्याचा सदरा एका बाजूने गुडघ्यापर्यंत यायचा. त्याचा ॲल्युमिनियमचा भाऊ निम्म्याहून कमी पैशात मिळत होता. आणि एमक्यूए म्हणून एक नवलाई २०१४ साली आली. भारी फाईल कागदी पक्ष्यासारखी घड्या घालून लहान करू म्हणाली. घड्या उलगडल्यावर काही पिसं कमी भरतात असं लोकांनी दाखवून दिलं. २०२३ साली कंपनी प्रशासकाच्या हाती गेली, मग कॅनडातल्या दुसऱ्या कंपनीने विकत घेतली. आमच्या धंद्यात हे शब्द ऐकले की आम्ही टोपी काढतो.

२०१७ साली येरून ब्रेबार्ट या संशोधकाने २८३ हेडफोनांचा आवाज आणि किंमत ताडून पाहिली. दोन्हींचा एकमेकांशी संबंध दिसला नाही. भाच्याला ही बातमी मी अजून कळवलेली नाही. हप्ते चालू असताना असं बोलू नये.

तरी एका गोष्टीत या वालाच्या दाण्यांना मी शंभर मार्क देईन. सील बसलं की बाहेरचं जग बंद. साध्या इअरफोनवर ऐकणारा डोंबिवलीच्या गाडीत खडखडाटावर मात करायला आवाज वाढवत नेतो. जागतिक आरोग्य संघटनेचा हिशेब असा, की आठवड्याला चाळीस तास ऐकायचं तर आवाज ऐंशी डेसिबलपर्यंत असावा, आणि दर तीन डेसिबल वाढीला वेळ निम्मा करावा. कानाचं खातं असं आहे की त्यातून काढलेलं परत भरता येत नाही. बाहेरचा गोंगाट अडला की आत हळू लावून भागतं. हा गुण मोठा आहे. ज्या रविवारी त्याचा दोष कळला तोवर मीही हेच सगळ्यांना सांगत होतो.

त्या रविवारी ही आणि मुलगा कल्याणला मुंजीला गेले होते. घरात मी आणि आई. आईचं वय अठ्ठ्याहत्तर. दुपारी ती आतल्या खोलीत आडवी झाली आणि मी बाहेर आरामखुर्चीत फ्लॅक लावलं. मोठा ख्याल, चौपन्न मिनिटांचा. असा राग मी आयुष्यात ऐकला नाही. संपल्यावर सुद्धा पाचेक मिनिटं बोंडं काढवेनात. काढली तेव्हा आतून बारीक आवाज येत होता. टक्. टक्. काठीने फरशीवर.

आई पलंग आणि टेबल यांच्या मध्ये खाली बसली होती. बाथरूमला जायला उठली, पाय घसरला, आणि हळूच बसली. उठता येईना. लुगडं ओलं झालं होतं.

"कधीपासून?" मी विचारलं. तिच्या कानात यंत्र नव्हतं, टेबलावर होतं. मी ते घातलं आणि पुन्हा विचारलं.

"झाला थोडा वेळ," ती म्हणाली. "दोन हाका मारल्या. मग म्हटलं, तुझं गाणं संपू दे."

डॉक्टरांनी तपासलं. हाड मोडलं नव्हतं, गुडघ्याला निळं झालं होतं, तेवढंच. हिने घरी आल्यावर सगळं ऐकून घेतलं आणि एक अक्षर बोलली नाही. त्यापेक्षा बोलली असती तर बरं झालं असतं.

रात्री आईचं श्रवणयंत्र पुसून ठेवताना मी ते दिव्यापाशी धरून बघितलं. त्याच्या आतही तीच पोलादी जीभ. माहेरीच राहिलेली. एका कानाला एकच, आणि तिला काम एवढंच की माणसांचं बोलणं तेवढं आत आणायचं. त्या जिभेच्या बारा बहिणी मी माणसांचं बोलणं बाहेर ठेवायला कानात घालून बसलो होतो.

पहिल्या वॉकमनची माहिती मी पुन्हा काढून वाचली. त्याला इअरफोन लावायची भोकं दोन होती. सोनीचे अकिओ मोरिता घरी एकटेच ऐकत बसले, तेव्हा त्यांच्या बायकोला ते आवडलं नाही, म्हणून दुसरं भोक आलं. जपानी भाषेत 'अहो, ऐकलंत का?' असंच काहीतरी त्या म्हणाल्या असणार. शिवाय एक नारिंगी बटण होतं. ते दाबलं की गाण्याचा आवाज खाली जायचा आणि दोन ऐकणाऱ्यांना एकमेकांशी बोलता यायचं. एवढा शहाणपणाचा नमुना पुढच्या आवृत्त्यांतून गेला, कारण लोक एकेकटेच ऐकू लागले. गेलेल्या गोष्टींत ड्रायव्हर मोजतात तसं हे कुणी मोजत नाही. आता काही बिनतारी बोंडांत बाहेरचं ऐकू येण्याची सोय परत आली आहे. भाच्याच्या किमती मालात ती नाही.

दोन भोकांची एक दुपदरी वायर स्टेशनजवळच्या दुकानात सव्वाशे रुपयांना मिळाली. दुकानदाराला मी विचारलं, "याने आवाजाचा दर्जा कमी होतो का?" तो म्हणाला, "साहेब, सव्वाशे रुपयांत मीच कमी दर्जाचा आहे."

एक संध्याकाळ आईने विचारलं, "त्या दिवशी काय ऐकत होतास एवढं?" मी तिचं यंत्र काढलं, स्पंजाचं लहान बोंड लावलं, कान वर ओढून बसवलं. लहानपणी तिने माझा ओढला होता त्याची थोडी परतफेड झाली. माझे साधे इअरफोन दुसऱ्या भोकात. फ्लॅकमधला तोच ख्याल लावला. तिने दहा मिनिटं ऐकला आणि म्हणाली, "छान आहे. भीमसेनांचे अभंग आहेत का?"

होते. कुणीतरी जुन्या कॅसेटवरून उतरवलेले, चौसष्ट किलोबिटचे. भाच्याने ते या इअरफोनांना ऐकवल्याचं कळलं असतं तर थेट विमानाचं तिकीट काढलं असतं. टाळ वाजायच्या आधीचं 'छस्स' तर होतंच, वर कॅसेटची खरखर. आई टाळ्या द्यायला लागली. तिच्या कानाची मर्यादा चार हजार हर्ट्झच्या अलीकडे आहे, असं कानाच्या डॉक्टरांनी कागदावर रेघ काढून दाखवलं होतं. त्या रेघेच्या आत सगळे अभंग मावले.

भाचा गेल्या महिन्यात परत आला. घरात पाऊल टाकताच त्याने विचारलं, "मामा, माझे इअरफोन?"

"आजीच्या डब्यात आहेत," मी म्हणालो. "अडकित्त्याशेजारी."

तो आत गेला. आतून बराच वेळ बोलणं ऐकू येत होतं. मग तो बाहेर आला, हात हलवत.

"ती म्हणते, अभंग संपले की देते."

"मग?"

"किती आहेत ते?"

मी मोजलेले नाहीत.